चार कॅमेऱ्यांचं कोटेशन हातात आहे, पण खरा खर्च किती?

*वाचकांचं पत्र*

नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊसमध्ये राहतो. मी ६१ वर्षांची, यजमान ६७. मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत. दिवाळीत आमच्याच ओळीतली दोन घरं फोडली. दोन्ही घरची माणसं गावाला गेली होती. तेव्हापासून मुलगा मागे लागलाय, कॅमेरे बसवा म्हणून. तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने चार कॅमेऱ्यांचे २४,५०० सांगितले. दुसऱ्याने आठ कॅमेरे, व्हिडिओ डोअरफोन धरून ७८,००० चं कोटेशन दिलं. तिसरी कंपनी म्हणते, यंत्रणा फुकट बसवतो, महिन्याला फक्त १,४९९ भरा, करार तीन वर्षांचा. कोटेशनचे फोटो सोबत पाठवत आहे. घरात वायफाय आणि इन्व्हर्टर आहे. यजमान म्हणतात, एवढ्या पैशात कुत्रा पाळू. जानेवारीत आम्ही दोन महिने मुलीकडे जाणार आहोत. घर पेन्शनवर चालतं. यातलं काय घ्यावं, आणि पुढे किती खर्च येत राहील?

– मंगला, नाशिक (नाव बदललं आहे)

*उत्तर*

मंगलाताई,

कुत्र्याचा विषय आधी मिटवू. कल्पना अजिबात वाईट नाही, भुंकणारा कुत्रा चोराला नकोच असतो. पण जानेवारीत तुम्ही दोघं दुबईला गेल्यावर त्याला भाकरी कोण घालणार, एवढं यजमानांना विचारा. त्यांच्याकडे उत्तर असेल तर जरूर पाळा.

आता कोटेशन. फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण खरी माहिती त्या कागदांच्या तळाशी आहे.

२४,५०० वाल्याच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलंय: ‘जीएसटी वेगळा, केबल प्रत्यक्ष मापाप्रमाणे.’ १८ टक्के जीएसटी धरला की आकडा होतो २८,९१०. केबलचं एक बंडल ९० मीटरचं येतं. दुमजली रो हाऊसमध्ये गेट, मुख्य दार, मागची बाजू आणि गच्ची अशा चार जागी वायर न्यायची तर एका बंडलात भागण्याची शक्यता कमीच. दुसरं बंडल, वायर झाकायला पीव्हीसी पाइप किंवा पट्टी, प्रत्येक कॅमेऱ्यामागचा बॉक्स, वायर जोडायच्या बीएनसी आणि डीसीच्या पिना, असं करत आणखी अडीच-तीन हजार जातील. म्हणजे पहिल्या दिवशीच खिशातून ३२,००० च्या आसपास जाणार. यात दुकानदाराची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, चार कॅमेऱ्यांसाठी बाजारात साधारण एवढाच खर्च येतो. फक्त तुम्ही २४,५०० चा विचार करून ‘हो’ म्हणू नका. त्याच्याकडून सगळं धरून एकच पक्का आकडा लिहून घ्या.

त्याच कागदावर हार्ड डिस्क ५०० जीबीची दाखवली आहे. ही बाब पाहुणे आल्यावर चहात साखर कमी पडावी इतकी किरकोळ नाही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा बऱ्यापैकी चित्र ठेवायचं तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६. म्हणजे ५०० जीबी सहा दिवसांच्या आत भरते आणि जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही दुबईत, चोरी सोमवारी झाली आणि शेजाऱ्यांच्या लक्षात पुढच्या बुधवारी आलं, तर पोलिसांना दाखवायला हातात काहीच नसेल. एक टीबी म्हणजे अकरा-बारा दिवस, दोन टीबी म्हणजे तेवीस. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग असं सेटिंग केलं तर याहून जास्त दिवस मिळतात. तुम्हाला घर बंद ठेवून जायचंय, म्हणून मी दोन टीबीचा आग्रह धरीन. डिस्क कॅमेऱ्यांसाठीचीच हवी, चोवीस तास लिहीत राहण्यासाठी ती बनवलेली असते. जुन्या कॉम्प्युटरमधली पुसून-चकाकवून बसवलेली नको. नव्या डिस्कवरचा सीरियल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. हे काम मुलाला पुण्यात बसून करता येईल.

अजून एक. कॅमेऱ्यांच्या सुरक्षेबाबतचे केंद्र सरकारचे नवे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. त्याआधीचा पडून राहिलेला माल कुणी स्वस्तात गळ्यात मारू नये, म्हणून कॅमेऱ्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो तपासता येतो.

आता कोटेशनमध्ये कधीच न लिहिलेला खर्च.

चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि त्यांचा पॉवर सप्लाय मिळून साधारण ४० वॉट घेतात. बल्बच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण बल्ब आपण बंद करतो. हे चोवीस तास, बारा महिने चालू. दिवसाला जवळपास एक युनिट, वर्षाला ३६५. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो हे तुम्हाला माहीत आहेच. त्या वरच्या स्लॅबमध्ये युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ३,६५० आणि पाच वर्षांत १८,२५० रुपये. वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे विजेत जातात आणि हे एकही विक्रेता सांगत नाही. खोटं बोलायचं असतं म्हणून नव्हे, त्याला कुणी विचारतच नाही म्हणून.

मग मोडतोड. सगळ्यात आधी पॉवर सप्लाय जातो, तोही बहुधा पावसाळ्यात. पाच वर्षांत एखादा कॅमेरा आणि एकदा डिस्क बदलावी लागेल असं धरून चालायचं. या सगळ्याचे ८,००० धरा. म्हणजे पाच वर्षांचा एकूण हिशेब ५८,००० च्या घरात, महिन्याला सुमारे हजार रुपये. तुमच्या पेन्शनमधून दरमहा हजार या कामाला द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न. २४,५०० परवडतात का, हा नव्हे.

यात वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, मी धरलेला नाही. चार कॅमेऱ्यांसाठी तो घ्यावा असं मला वाटत नाही. बहुतेक एएमसीत सुटे भाग येतच नाहीत, फक्त माणूस येऊन बघतो. तो भेटीचे चार-पाचशे घेऊनही येतोच.

आठ कॅमेऱ्यांच्या ७८,००० वाल्याबद्दल थोडक्यात सांगते. त्याने आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, आणि एनव्हीआर, म्हणजे त्यांचा डीव्हीआर, सुचवलाय. चित्र चांगलं येतं, यात वाद नाही. पण तुमच्या घराला आठ कॅमेरे लावायच्या जागा शोधाव्या लागतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय त्यातले दोन त्याने हॉल आणि बेडरूमसमोरच्या पॅसेजमध्ये दाखवलेत. घराच्या आत इंटरनेटला जोडलेला कॅमेरा नको. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण हॅक होऊन बाहेर विकलं गेल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. बाहेरच्या कॅमेऱ्यांचाही पासवर्ड बसवणाऱ्या मुलाने ठेवलेला तसाच ठेवू नका. तो गेला की त्याच संध्याकाळी बदला. याला एक पैसा लागत नाही.

आता ‘फुकट’वाली कंपनी. १,४९९ वर जीएसटी धरला की १,७६९. छत्तीस महिन्यांचे होतात ६३,६७८. वीज तुमचीच, तिचे तीन वर्षांचे अकरा हजार वेगळे. आणि करारातलं कलम वाचा: यंत्रणेची मालकी कंपनीकडे. तीन वर्षांनी पैसे भरणं थांबवलंत तर ती सोडून नेतील. मध्येच करार मोडलात तर उरलेल्या महिन्यांची रक्कम मागतील. यापेक्षा स्वतःचे कॅमेरे स्वस्त पडतात हे उघड आहे. तरीही मी ही कंपनी एका अटीवर विचारात घेईन. त्यांच्या माणसाला विचारा, रात्री दोनला मागचं दार उघडलं तर तुमच्याकडून कोण येणार? चोवीस तास माणसं बसलेलं नियंत्रण केंद्र आहे, ते आधी तुम्हाला फोन करतात, मग पोलिसांना कळवतात आणि आपला माणूसही धाडतात, असं कागदावर लिहून मिळत असेल तर त्या पैशाला अर्थ आहे. ‘मोबाइलवर अलर्ट येईल’ एवढंच उत्तर असेल, तर तो अलर्ट तुमच्या २४,५०० वाल्या यंत्रणेतूनही येतो. त्यासाठी महिन्याला पावणेअठराशे कशाला?

अलर्टचंही ऐकून ठेवा. मांजर गेलं, पाऊस आला, कोळ्याने कॅमेऱ्यासमोर जाळं विणलं, की फोन वाजतो. पंधरा दिवसांत मुलगा ते नोटिफिकेशन बंद करून टाकतो. बऱ्याच घरांत हेच होतं. म्हणून अलर्ट फक्त मागच्या दाराचा आणि गच्चीच्या दाराचा, आणि तोही रात्री अकरा ते पहाटे पाच एवढाच लावून घ्या.

इथवर पैशाचं झालं. पण तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही: त्या दोन घरांत चोर शिरले कुठून? बातम्यांमध्ये आपण नेहमी वाचतो, ‘कडीकोयंडा तोडून घरफोडी’. वर्तमानपत्रांची ती ठरलेली शब्दरचना वाटते, पण खरंच तसं घडतं. दाराला बाहेरून कोयंडा, त्यात भलंमोठं कुलूप. कुलूप चांगलं असतं, पण कोयंडा चार बारीक स्क्रूंवर उभा असतो. पहार घातली की दोन मिनिटांत निखळतो. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला ओरडून सांगतं, घरी कुणी नाही. कॅमेरा हे सगळं स्पष्ट टिपेल. थांबवणार मात्र नाही.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी सुताराला बोलवा. मुख्य दाराला आतल्या बाजूने बसणारं, दोन-तीन जाड बोल्ट चौकटीत जाणारं कुलूप बसवून घ्या. चांगल्या कंपनीचं कुलूप मजुरीसकट तीन ते पाच हजारांत होतं. बोल्ट ज्या पट्टीत शिरतात तिचे स्क्रू लांब हवेत, चौकटीच्या लाकडात खोल जाणारे. मागच्या दाराला लोखंडी ग्रिलचं सेफ्टी डोअर करून घ्या. फॅब्रिकेटर चौरस फुटावर भाव लावतो, तीन बाय सातच्या दाराला साधारण आठ ते बारा हजार जातील. गच्चीचं दार बहुतेक घरांत सगळ्यात कच्चं असतं, आणि रो हाऊसमध्ये शेजारच्या गच्चीवरून तुमच्या गच्चीवर येणं म्हणजे एक पाय टाकणं. त्या दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी लावा. या सगळ्याला ना वीज लागते, ना इंटरनेट, ना एएमसी.

पैसे उरले तर दारांना चुंबकीय सेन्सर आणि एक मोठा भोंगा. सिमवर चालणारा साधा अलार्म संच पाच ते दहा हजारांत येतो. दार उघडलं की भोंगा वाजतो आणि ठरवलेल्या नंबरांवर फोन जातो. घ्यायच्या आधी तो फोरजीवर चालतो का ते विचारा. स्वस्त संच अजूनही टूजीचे असतात आणि त्यात जिओचं सिम चालत नाही. सिमचा रिचार्ज विसरलात तर भोंगा वाजेल, पण फोन कुणालाच जाणार नाही. तोही खर्च तुमच्या हिशेबात धरा.

दागिन्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी सांगते. ते घरात ठेवून त्यांच्या राखणीसाठी यंत्रणा घेत असाल तर बँकेचा लॉकर कितीतरी स्वस्त आहे. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार, बँकेच्या हलगर्जीपणामुळे चोरी झाली किंवा बँकेच्याच माणसाने अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. सोन्याचे आजचे भाव बघता एवढ्यात काय भागणार?

घराच्या विम्यातही एक खाच आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप तिच्यात येतात. साधी घरफोडी येत नाही. चोरीचा उल्लेख आहे, पण आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरता. घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घरफोडीच्या अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर दावा मिळत नाही अशी अट असते. तुम्ही दोन महिने जाणार. एजंटला हा प्रश्न तोंडी नको, ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कंपनीला आधी लेखी कळवून ही मुदत वाढवता येते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

जानेवारीच्या आधी आणखी दोन कामं आहेत. पोलीस चौकीत जाऊन घर बंद राहणार असल्याचं सांगून या. आणि समोरच्या घरी एक किल्ली आणि मुलाचा नंबर द्या. पुण्याहून मुलाला अलर्ट दिसला तरी तो नाशिकला पोहोचेपर्यंत चार-पाच तास जातील. समोरचे दोन मिनिटांत दिवा लावून आवाज देऊ शकतात आणि ११२ ला फोन करू शकतात. रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा तुमच्या ओळीत येत असेल तर त्याचे महिन्याचे पन्नास-शंभर रुपये परदेशी असतानाही चालू राहतील अशी व्यवस्था करा.

थोडक्यात माझा कौल असा: दारांवर १५ ते २० हजार, मग २४,५०० वाल्याकडूनच चार कॅमेरे, डिस्क मोठी करून. एकदम जमत नसेल तर या वर्षी दारं आणि पुढच्या वर्षी कॅमेरे. उलट क्रम नको.

कॅमेरे बसवताना स्वतः उभ्या राहा. बसवणारी मुलं शिडी लावून दहा-बारा फुटांवर कॅमेरा ठोकतात, कारण तिथे तो सहज तोडता येत नाही. पण तिथून टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. मुख्य दाराजवळचा एक तरी कॅमेरा सात फुटांच्या आसपास, येणाऱ्याच्या तोंडासमोर हवा. दोन मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येईल असं चित्र चार-पाच मीटरपर्यंतच मिळतं. रस्त्यावरच्या गाडीचा नंबर दिसेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू देऊ नका, चोर जाताना तो काखोटीला मारून नेतात. वरच्या मजल्यावर, माळ्यावर किंवा कपाटात ठेवा, फक्त हवा खेळती राहील असं बघा. आणि डीव्हीआरबरोबर वायफायचा राउटरही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, ते मेन स्विच बंद करून तपासा.

पूर्ण पैसे त्याच दिवशी देऊ नका. २० टक्के राखून ठेवा आणि हे कोटेशन पक्कं करतानाच सांगा. त्या रात्री बाहेरचे सगळे दिवे बंद करून यजमानांना गेटपाशी उभं करा, मग मागच्या दारापाशी. पुण्याला मुलाने मोबाइलवर बघून सांगायचं, बाबाच आहेत की कुणी दुसरं. त्याला ओळखू आले तर दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे द्या.